घरटी एक

बनुबाईनं भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावरून पाण्याचा हात फिरवला आणि तेवढ्यात दारावर टकटक झाली.

तिचा हात तसाच हवेत राहिला. लग्न होऊन ती या वाडीत आली त्याला तीसेक वर्षं झाली असतील, पण दार वाजलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं. इथं कुणी दार वाजवत नाही. येणारा गडग्यापासूनच ओरडत येतो, "वैनी, चुलीवर काय हाय गो?" आणि उत्तर मिळेपर्यंत पडवीत टेकलेलासुद्धा असतो. आज दार लोटलेलं होतं तेही कोंबड्यांसाठी, माणसांसाठी नव्हे.

आत माजघरात तिचा नवरा भागोजी मोड आलेले वाल सोलत बसला होता. टकटक ऐकताच त्यानं वालाचं ताट पायानं खाटेखाली सारलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बघ गो, कोण बाहेरचा आला वाटतं."

बाहेरचा नव्हता. गिरणीवाला सदू होता. एवढ्या सकाळीसुद्धा त्याच्या भुवयांवर पीठ होतं.

"काय रे सदू, दार कशाला वाजवतोस? घसा बसलाय का तुझा?"

सदू चुळबुळला. "काकी, उद्या दुपारी भैरीच्या देवळात गावकीची बैठक हाय. शिमग्याचं ठरवायचंय. घरटी एक माणूस." पाठ केलेलं एका दमात म्हणून त्यानं सुटल्यासारखा श्वास टाकला.

"हे तू दारात येऊन सांगतोस?"

"कुशाबाकाकांनी सांगितलं, घरोघर जा. खालच्या वाडीपासून वाजवत आलोय. बोटं सोलवटली माझी."

माजघरातून भागोजी बाहेर आला. बोटांना वालाची सालपटं चिकटली होती, ती त्यानं लेंग्याला पुसली. "सद्या, तू मला सांगायला आलास? बैठकीचं? मला?"

"सगळ्याच घरांत सांगतोय ना, काका. तुमचं एकच वगळलं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात, मला वाळीत टाकला म्हणून."

सदू दोन पावलं मागं सरकला, कोंबडीवर पाय देता देता वाचला आणि पुढच्या घराकडं चालता झाला. थोड्या वेळानं शेजारून टकटक ऐकू आली, आणि पाठोपाठ शेजारणीची किंकाळी. तिलाही वाटलं असणार, कोण मेलं.

यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय, ते वाडीबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडं जाताना रस्ता सोडून आत वळलं की डोंगराच्या कुशीत तीन वाड्या आहेत, वरची, मधली आणि खालची. मोबाइल सगळ्यांकडं आहेत, पण रेंज वाड्यांत नाही. ती फक्त टेपावर येते. टेप म्हणजे मधल्या वाडीच्या डोक्यावरचा उघडा उंचवटा. मुंबईच्या मुलाशी बोलायचं असेल तर आई टेपावर जाते, आणि भांडायचं असेल तर सूनही टेपावरच जाते. आता टेपावर उभ्या असलेल्या माणसाचा फोन वाजून गावाला बैठक कळत नाही. त्यासाठी हाळी लागते. आणि हाळी म्हणजे भागोजी.

त्याच्या बापानंतर ती त्याच्याकडं आली. आधी छाती भरून लांबलचक "होऽऽऽ", मग काम, मग जागा आणि शेवटी "घरटी एऽऽक!" पाणंद साफ करायची असो, पालखीला खांदा असो, कुणाच्या घराचं आढं चढवायचं असो, प्रत्येक घरातून एक माणूस यायचा, हा गावकीचा कायदा. लोक सांगत, भागोजीनं हाळी दिली की वरती महाबळेश्वरात घोड्यावर बसलेले पाहुणे दचकतात. खरं खोटं घोडे जाणोत. पण शिमग्याला पालखी देवळातून निघायची ती त्याच्या हाळीवर. तो "होऽऽऽ" म्हटल्याशिवाय भोई दांडीला हात लावत नसत. वर्षातल्या त्या एका क्षणासाठी भागोजी उरलेलं वर्ष ताठ चालत असे.

आणि गेलं वर्षभर त्याला हाळी येत नव्हती.

त्याची गोष्ट तीन वर्षांमागं सुरू होते. करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांचा राहुल मुंबईहून आला आणि आजार घेऊन आला. राहुलला काहीच झालं नाही, भागोजीला ताप आला. त्याला वाडीच्या शाळेत वेगळं ठेवलं. चौथीच्या वर्गात फळ्याखाली गादी टाकून तो पडला, घरोघरच्या भाकऱ्या खाल्ल्या, आणि बरा होऊन आला तो वजन वाढवूनच. त्यानंतर एसटीत पास दाखवावा तसं तो जिथं तिथं दाखवायला लागला, "मला होऊन गेलाय." मास्क लावा म्हटलं, "मला होऊन गेलाय." लांब बसा म्हटलं, "मला होऊन गेलाय." बाजारात कुणी शिंकलं तर बाकीचे मागं सरत, हा पुढं सरके.

पुढच्या वर्षी लस आली. वाडीची आशा सेविका प्रियदर्शिनी, भागोजीच्या चुलत पुतण्याची बायको, धावत येऊन सांगून गेली, "काका, उद्या शाळेत लशीचा कॅम्प हाय. जोरात हाळी द्या."

भागोजी टेपावर गेला, छाती भरली आणि हाळी दिली. "होऽऽऽ! उद्या सकाळी शाळेत लशीला याऽऽऽ!" इथं थांबला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण जन्मभराची सवय. तोंड मिटायच्या आत शेवट आपोआप बाहेर पडला, "घरटी एऽऽक!"

दुसऱ्या दिवशी पोलादपूरहून नर्सबाई पेटी घेऊन आल्या, तर शाळेसमोर शिस्तीत रांग. प्रत्येक घरातून बरोबर एक. कुणी म्हाताऱ्याला पाठवलेलं, कुणी रिकाम्या असलेल्या सुनेला, वरच्या वाडीतल्या एकानं तर जावयाला पाठवलेलं. नर्सबाई विचारतात, "बाकीची माणसं कुठायत?" तर रांगेतून उत्तर, "आमच्या घराचं झालं ना बाई. मी आलोय की."

भागोजीच्या घरातून बनुबाई गेली होती.

प्रियदर्शिनीनं कपाळावर हात मारला आणि मग घराघरांत फिरून, समजावून, रागावून, पुढच्या दोन कॅम्पांत सगळ्यांना आणलं. सगळे आले, एक सोडून.

"दिलेली हाळी फिरवायची नसते," भागोजी म्हणाला. "मी घरटी एक म्हटलंय. बनुनं घेतली. शिवाय मला होऊन गेलाय. एका घरात केवढं औषध घालायचं?"

"काका, ही काय पालखी हाय खांदा द्यायला?" प्रियदर्शिनी म्हणाली.

"सूनबाय, तू कालची आलेली. गावकीचं तुला नाय कळायचं."

मग बावीस सालच्या जानेवारीत पोलादपुरात एका हळदीला दोघं गेले आणि दोघंही आजारी होऊन परतले. बनुबाईचं डोकं जड झालं, घसा धरला, चार-पाच दिवस आमटीला चव लागली नाही. मग ती उठली आणि शेणी थापायला लागली. भागोजीचा तापही तेवढ्यातच उतरला. पण ताप गेला आणि काहीतरी मागं राहिलं. चार पावलं चढ आला की छातीत कुणी गाठोडं ठेवावं तसं व्हायचं. एक दिवस जरा शेतात वाकला की पुढचे दोन दिवस खाटेवर. बोलता बोलता शब्द निसटायचा. एकदा म्हशीला हाक मारायची तर तिचं नावच आठवेना, म्हणून "अहो बाई" म्हणाला.

पोलादपुरात दाखवलं. छातीचा फोटो काढला, हृदयाची पट्टी काढली. दोन्ही स्वच्छ. तो फोटो भागोजीनं पडवीत खिडकीला लावून सगळ्यांना दाखवला, बघा, काय नाय. आणि वाडीनं तो नीट बघितला व ठरवलं की काय नाय, म्हणजे सोंग हाय.

तेव्हापासून भागोजीला निसर्गाची आवड लागली. टेपाच्या वाटेनं चढताना तो एकदम थांबे आणि आंब्याचा मोहोर बघे. आंबा संपला की दुसऱ्याच्या म्हशी न्याहाळी आणि "खंगली बिचारी" म्हणे. त्याहून वर गेलं की फोन कानाला लावून "हां, बोला, बोला" म्हणे, रेंज नसलेल्या जागी. वर पोचेपर्यंत छातीत एवढाच वारा उरे की "हो" निघायचं, पुढचं "ऽऽऽ" नाही. मग खाली येऊन सांगायचा, "वारा उलटा होता." वर्षभर वारा उलटाच होता. गेल्या शिमग्याला पालखी निघाली ती कुणीतरी वाजवलेल्या शिट्टीवर. भागोजी त्या वेळी चपलेचा अंगठा शिवायला बसला होता. अंगठा तुटलेला नव्हता, हे फक्त बनुबाईनं पाहिलं.

तिनं ते कुणाला सांगितलं नाही. वाल सोलायचं काम हळूच त्याच्या पुढ्यात सरकवलं, बसून करायचं म्हणून. तोही जणू बायकोवर उपकार करतोय असं दाखवून सोलायला लागला, पण माजघरात. पडवीत नाही.

आणि आज सदूनं दार वाजवलं.

तव्यावरची भाकरी एव्हाना काळी झाली होती. भागोजी खाटेवर बसून खाटेकडंच बघत होता. "उद्या हाळी सदूला देतील," तो म्हणाला. "पिठानं भरलेला घसा त्याचा. पालखी निघायची सोडून शिंकायला लागेल."

"मग जाऊन सांगा ना, काय होतं ते."

"काय सांगू? फोटो स्वच्छ हाय."

बनुबाईनं भाकरी कोंबड्यांना टाकली. "सईदभायची जीप महाडला जातेय. त्याची लेक अफशा डॉक्टर होऊन आलीय, बाजारात दवाखाना काढलाय तिनं. चला."

"कशाला?"

"मला दाखवायचंय. गुडघा."

भागोजी मनात काय ते समजला. पण उद्या दुपारपर्यंत आवाजाचं एखादं औषध मिळालं तर बघावं, असं त्याच्याही डोक्यात आलं असणार. तो उठला.

सईदभाय पूर्वी कुवेतला ट्रेलर चालवायचा. आता पोलादपूर-महाड जीप चालवतो आणि अजून वाळवंटात असल्यासारखा मोठ्यानं बोलतो. भागोजीला पुढं बसवून म्हणाला, "अरे भागोजी, वर्षभर तुझी हाळी नाय ऐकली. माझं घड्याळच बंद पडलंय. तुला काय झालं काय?"

"वारा उलटा हाय," भागोजी म्हणाला.

"माझ्या गाडीत पण?"

मागून बनुबाई हसली आणि खोकल्याचं निमित्त केलं.

महाडच्या बाजारात अफशाचा दवाखाना कापडाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. जिना बघून भागोजीनं खालच्या दुकानातल्या साड्यांत एकदम रस घेतला. दुकानदारानं दोन उलगडल्यासुद्धा. बनुबाईनं त्या घडी करून परत दिल्या आणि नवऱ्याला वर आणलं.

अफशा बापासारखी मोठ्यानं बोलणारी नव्हती. तिनं बनुबाईचा गुडघा बघितला, गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. मग ती भागोजीकडं वळली. "काका, तुमच्या बोटाला हे लावते. बाहेरच्या व्हरांड्यात जरा जोरात येरझाऱ्या घाला. मी बघते."

भागोजी छाती काढून चालला. पहिली खेप झाली. दुसऱ्या खेपेला तो भिंतीवरच्या चित्रासमोर थांबला आणि बाळाला अंगावर कसं पाजावं ते मन लावून वाचू लागला.

"हे असं," बनुबाई म्हणाली. "आमच्याकडं भिंतीवर चित्रं नाहीत, म्हणून म्हशी बघतात."

अफशानं हसू दाबलं. सगळं विचारलं, ऐकलं, जुने कागद चाळले, नाडी त्याला बसवून आणि उभं करून मोजली. मग म्हणाली, "काका, हे सोंग नाही. करोना जातो आणि काहींच्या अंगात त्याचा त्रास महिनोन् महिने रेंगाळतो. दम लागतो, थकवा येतो, आठवत नाही. फोटोत ते दिसेलच असं नाही."

'सोंग नाही' म्हटल्यावर भागोजीचा खांदा जरासा खाली आला. वर्षभर उचलून धरलेलं काहीतरी ठेवल्यासारखा. पण लगेच त्याचं डोकं चाललं. "मग हिला का नाय झालं? ही पण तेव्हाच पडली. उलट मला आधी एकदा होऊन गेलेला. माझा अनुभव जास्त."

"एकदा होऊन गेला की अंगाला त्याची थोडी ओळख होते, ते खरंय. पण तो काही कायमचा परवाना नाही. दर वेळी नवा आजार, दर वेळी मागं काही राहण्याची नवी भीती. काकी, तुम्ही लस घेतली होती?"

"दोन्ही."

"आणि काका?"

भागोजी छताकडं बघायला लागला. पंखा होता, त्याची पाती मोजण्यासारखी होती.

"घरटी एक," बनुबाई म्हणाली, आणि सगळी हकिकत सांगितली. जावयाला पाठवलं ते ऐकताना अफशानं टेबलावर डोकं टेकलं. खांदे हलत होते. बऱ्याच वेळानं डोळे पुसत ती म्हणाली, "काका, लस उंबऱ्याला टोचत नाहीत हो. दंडाला टोचतात."

"ते कळलं आता," भागोजी म्हणाला. "पण त्या कुशाबाचं काय? त्यानं दोन्ही घेतल्या. तरी आजारी पडला आन् किती महिने त्याला वासच येत नव्हता. हिंग काय, शेण काय, त्याला सारखंच. मग काय केलं लशीनं?"

हा प्रश्न त्यानं जपून ठेवलेला होता. कोर्टात वकील शेवटचा कागद काढतो तसा काढला.

"बरोबर विचारलंत," अफशा म्हणाली. "अब्बा आंबेनळी घाट किती वर्षं चालवतायत? रोज उतरले म्हणून वळणं सरळ झाली का?"

"नाय."

"रस्ता ओळखीचा झाला, एवढाच फायदा. तसं तुमचं आधी होऊन जाणं. आणि ब्रेक नवे घातले म्हणून घाटात काहीच होणार नाही, असं अब्बा तरी म्हणतील का? पण तुम्हाला बसायचं असेल तर कुठल्या जीपमध्ये बसाल? नव्या ब्रेकच्या की जुन्या?"

"त्याच्या जीपला ब्रेक हायत?" भागोजीनं विचारलं.

"आहेत," अफशा हसून म्हणाली. "लस म्हणजे तेवढंच. आधी घेतलेली असली तर त्रास रेंगाळण्याची शक्यता कमी होते, संपत नाही. कुशाबाकाकांच्या वाट्याला उरलेल्यातलं आलं. काकींना कदाचित लस न घेताही काही झालं नसतं, आणि तुम्हाला घेऊनही झालं असतं. एकेका माणसाचं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. खूप माणसांचं मिळून सांगता येतं."

भागोजीनं मान हलवली. खूप माणसांचं मिळून सांगणं, हे गावकीच्या माणसाला कळण्यासारखं होतं. "मग आता टोच. उद्या दुपारपर्यंत हाळी येईल ना?"

"नाही, काका. लस घ्याच, प्रियदर्शिनीताईंना विचारा पोलादपुरात कधी मिळते ते. पण ती पुढच्या खेपेसाठी. आता जे झालंय ते तिनं जाईल, असा शब्द मी देणार नाही. बहुतेक जण हळूहळू सुधारतात. तोवर एकच करायचं. दम लागल्यावर सगळेच बसतात. तुम्ही दम लागायच्या आधी बसायचं. थोडं चालायचं, बसायचं. थोडं काम, बसायचं. दुसऱ्या दिवशी आडवं पडावं लागेल एवढं करायचं नाही."

"लोकांच्यात बसू?"

"लोकांच्यातच."

"त्यापेक्षा एखादी गोळी दे की गो, पोरी."

परतीच्या वाटेवर बनुबाईनं ब्रेकची गोष्ट सईदभायला सांगितली. सईदभायनं वळणावर मुद्दाम करकचून ब्रेक दाबला आणि म्हणाला, "हायत बघ." भागोजीला हसू आलं, पण त्यानं ते खिडकीबाहेर टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो अंगावर चादर घेऊन पडला. "मला बरं नाय. बैठकीला नाय जात."

बनुबाई उठली. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं, नेसली, डोक्यावरून पदर घेतला आणि चपला घातल्या.

"कुठं चाललीस गो?"

"बैठकीला. घरटी एक."

"बायका नाय बसत गावकीत!"

"हाळीत बाप्या असं नाय म्हणत तुम्ही. नुसतं एक म्हणता. आन् लशीला या घराचा माणूस मीच होते ना? तेव्हा कसं चाललं?" आणि ती अंगणातून उतरलीसुद्धा.

भागोजी चादर फेकून मागं धावला. म्हणजे, आंब्यापर्यंत धावला. पुढं चालला. आंब्याचा मोहोर बघायला थांबला, तेव्हा बनुबाईही थांबली आणि मोहोरच बघत राहिली. दोघं मिळून बराच वेळ मोहोर बघत होते. यंदा धरला होता चांगला.

देवळात गावकी बसली होती. मधोमध कुशाबा, गावकीतला सगळ्यात वडीलधारा, आणि त्याच्या शेजारी सदू मांडीवर बॅटरीचा भोंगा घेऊन. गावच्या मुंबईतल्या मंडळाच्या दीपकनं पाठवलेला. दोघांना आत येताना बघून कुशाबानं मिशीवर बोट फिरवलं. "भागोजी, घरटी एक. तुझ्याच तोंडचं हाय. दोघं कशी?"

"ह्यांना बोलायला दम पुरला नाय तर उरलेलं मी बोलेन," बनुबाई म्हणाली आणि दाराच्या खांबाला टेकून उभी राहिली. काही जण हसले. उठून जा, असं मात्र कुणी म्हणालं नाही.

"आधी भोंगा बघून घ्या," सदू म्हणाला आणि त्यानं बटण दाबलं. भोंग्यातून आधी कुईऽऽ असा आवाज आला, मग रुग्णवाहिकेचा, मग कसलं तरी गाणं. तिन्ही वाड्यांतली कुत्री एकदम रडायला लागली. सदू घाईघाईनं बटणं दाबत राहिला. दर बटणाला नवं गाणं. शेवटी कुणीतरी त्यातली बॅटरीच काढली.

"पालखी ह्याच्यावर काढायची?" मागून कुणीतरी म्हणालं. "देव उतरून पळेल."

"मग कशावर काढू?" कुशाबा चिडला. "गेल्या साली शिट्टीवर काढली. भागोजी, आम्ही काय आंधळे नाय रे. टेपावर जातोस, म्हशी मोजतोस आन् खाली येतोस. देत असशील तर दे हाळी, नायतर नाय म्हण. हे काय सोंग लावलंयस?"

गावकीत बोलायचं ते उभं राहून, अशी रीत आहे. सगळे भागोजी उभा राहायची वाट बघत होते. तो उभाच होता. चढून आला होता, श्वास वर चढायच्या बेतात होता. त्यानं आजूबाजूला बघितलं. देवळात बघायला मोहोर नव्हता, म्हैस नव्हती. खिशातल्या फोनकडं त्याचा हात गेला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला.

मग तो सगळ्यांसमोर देवळाच्या पायरीवर बसला. आणि बसून राहिला.

कुणी हसलं नाही. बहुतेक काय झालं ते कुणाला कळलंच नसावं. बनुबाई पुढं होणार होती, पण तिनं स्वतःला आवरलं.

भागोजी बोलला, बसूनच. "वारा उलटा नव्हता. मला दम लागतो. करोना पहिल्यांदा झाला तेव्हा काय नाय झालं, म्हणून मी उड्या मारल्या. लस मी घेतली नाय, घेतली असती तर कमी झालं असतं, कदाचित. हाळी चुकीची दिली ती मी. तुम्ही समदे नंतर जाऊन टोचून आलात, मी माझ्याच शब्दाला धरून बसलो. अफशा डॉक्टरनं सांगितलं, फोटोत दिसत नाय, पण हाय."

"फोटोत नाय तर मग…" कुणीतरी सुरुवात केली.

"गप रे," कुशाबा म्हणाला. तो थोडा वेळ आपल्या नाकाच्या शेंड्याकडं बघत असल्यासारखा बसला. "माझं नाक कुठल्या फोटोत दिसत होतं? दोन्ही टोचून घेऊन माझा वास गेला. घरात दूध करपलं, आमटी नासली, मला पत्ता नाय. बायको म्हणाली, काम नको म्हणून ढोंग करतात. तुम्ही पोरांनी तर माझ्या नाकाखाली बोंबील धरून पैज लावली होती. लावली होती का नाय?"

दोघातिघांनी खाली बघितलं. सदूनं भोंगा मांडीवरून उचलून मागं ठेवला.

"आता येतो का वास, काका?" बनुबाईनं खांबाजवळून विचारलं.

"येतो. सगळाच नाय. शेणाचा पहिला आला." यावर मात्र सगळं देऊळ हसलं, आणि भागोजीही हसला, आणि हसताना त्याला खोकला आला, आणि या खेपेला त्यानं तो लपवला नाही.

कुशाबानं हात वर केला. "बरं. आता तुझं म्हणणं काय, ते सांग. हाळी सोडतोस का?"

"नाय."

"मग टेपावर जाऊन बसलास, तर पालखी कवा निघायची?"

"जरा उशिरा निघेल. मी आधीच चढायला लागेन. हळूहळू." भागोजीनं गुडघ्यांवर हात ठेवले. एवढ्या माणसांत काही मागायची त्याच्यावर कधी वेळ आली नव्हती. आजवर तो फक्त गावाला बोलवत आला होता. त्यानं एकदा बनुबाईकडं बघितलं. तिनं पदर नीट केला, बाकी काही नाही.

"हाळी मीच देईन," तो म्हणाला. "टेपावर एक खुर्ची ठेवा. प्लॅस्टिकची चालेल. हात असलेली असली तर बरं."